सँडविच लिबलिबीत का होतं?

प्रश्न : ताई, भाज्यांचं गरम सँडविच तव्यावरून उतरवते तेव्हा छान लालसर असतं, पण ताटात वाढेपर्यंत लिबलिबीत होतं. दाबलं की काकडी-टोमॅटोच्या चकत्या बाहेर घसरतात. टोस्टर नाही, म्हणून असं होतं का?

उत्तर : टोस्टर आणायला धावू नका. मीठ कधी घालता ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण चकत्या पावावर रचल्यावरच भुरभुरवत असणार! काकडी आणि टोमॅटोत सुमारे ९५ टक्के पाणीच असतं, मीठ लागलं की ते सुटायला लागतं आणि पाव ते पिऊन टाकतो. मी चकत्यांना दहा मिनिटं आधीच मीठ लावते, फडक्यावर पसरते आणि वरून टिपून घेते. मग सँडविचमध्ये वेगळं मीठ नको. टोमॅटोचा बियांचा गर तर काढूनच टाकते. (टाकते कसला, ओट्यापाशी उभ्या उभ्या खाते.) उकडलेला बटाटा पूर्ण गार झाल्यावरच चिरा, नाहीतर त्याची वाफ पावातच जिरते.

लोणी पावाच्या आतल्या बाजूंना कडेपर्यंत लावा. चवीचं सोडा, ते पाणी अडवतं. बहुतेकजण मधोमध गोळा फासतात आणि कडा कोरड्या सोडतात. गळती तिथूनच होते.

चकत्या घसरतात त्यावर चीज हाच उपाय. पण एका बाजूला नको, वर आणि खाली दोन्हीकडे थोडं थोडं किसून घाला. वितळलं की दोन्ही पाव भाज्यांना धरून ठेवतं. काकडी शक्य तितकी पातळ कापा.

आच मंद ते मध्यम. पाव लाल व्हायला त्याचा पृष्ठभाग साधारण १४० अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि ओला असेपर्यंत तो १०० च्या पुढे जात नाही. म्हणून ओलसर सँडविच तव्यावर ताटकळतं. घाईने आच वाढवलीत तर बाहेरून लावलेल्या लोण्यातला दुधाचा अंश आधी करपतो आणि आतलं चीज थंडच राहतं. झाकण ठेवायचंच असेल तर पहिल्या बाजूला, तेही मिनिटभर.

आता ताटाचं. एकदा पाहुण्यांसाठी मी आठ सँडविचं करून, गरम राहावीत म्हणून डब्यात एकावर एक रचली आणि झाकण घट्ट लावलं. पंधरा मिनिटांनी उघडलं तर झाकणातून थेंब टपकत होते आणि वरच्या सँडविचचा पाव बोटांना चिकटून सोलून निघाला. पाहुणे काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त चमचे मागितले! तेव्हापासून तव्यावरचं सँडविच थेट जाळीवर. जाळी नसेल तर दोन सँडविचं एकमेकांना टेकवून तंबूसारखी उभी करा, खालून वाफ निघून जाते.

कापण्याआधी मिनिटभर थांबा आणि सुरी दातेरी घ्या. साधी सुरी कापण्याआधी पाव चेपते, आणि तुमची काकडी पुन्हा बाहेर!