चौथं कडवं काढू नकोस

प्रिय,

कविता वाचली, सोबतची चिठ्ठीही. दादरच्या वाचनानंतर कुणीतरी गाठून म्हणालं, ‘या वयाच्या बाईवर असं लिहिणं शोभत नाही,’ आणि तू चौथं कडवं काढायला निघालीस. मावशीची पाळी गेलीय आणि तरी रात्री तिला नवरा जवळ हवा असतो, एवढंच तर आहे त्यात. राहू दे ते.

खोट दुसऱ्या कडव्यात आहे. ‘देहावर पानगळ उतरली’ म्हणे! अगं, मुंबईत पानगळ म्हणजे सोसायटीतल्या बदामाची लाल पानं, वॉचमन झाडून टाकतो ती. मावशीला काय होतं ते लिही. लेडीज डब्यात खिडकीशी बसूनही मानेतून वाफ चढते, ब्लाउजची पाठ भिजते, ती पदराने वारा घेते आणि पाचच मिनिटांत तोच पदर गुंडाळून बसते. बहुतेकींची पाळी 45 ते 55 च्या दरम्यान जाते. इस्ट्रोजेन उतरतं, आत कोरडं पडतं, जवळीक दुखू शकते. इच्छा मात्र पाळीबरोबर जातेच असं नाही. हे सगळं कवितेत येऊ दे. शरीराला शरीर म्हण.

‘आपल्यात असं नव्हतं,’ असं कुणी ऐकवलं तर त्याच्या हातात गाथासप्तशती हा जुना काव्यसंग्रह दे. महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या बायका स्वतःची ओढ किती सरळ सांगतात! जनाबाई तर डोईचा पदर खांद्यावर आला तरी भरल्या बाजारात जाईन म्हणते. विठोबासाठी, कबूल; पण पदर खराच ढळलाय. लावणीत शृंगार भरपूर, पण तिथली बाई बहुधा तरणी आणि लिहिणारा शाहीर बहुधा पुरुष.

माझी एक कविता एका संपादकांनी परत केली होती. शेवटच्या दोन ओळी गाळल्या तर छापू म्हणाले. गुडघे ठणकत असताना नवऱ्याला जवळ ओढणारी बाई होती त्यात. त्यांना गुडघे चालले, ओढणं चाललं नाही. दुखणारी म्हातारी चालते गं, मागणारी चालत नाही. मी ओळी गाळल्या नाहीत. त्यांच्या नियतकालिकात पुन्हा कधी छापून आले नाही, संग्रह निघायला साठी उलटली. घरचे म्हणतात, दोन ओळींसाठी केवढा हट्ट. म्हणोत. त्या दोन ओळींसाठीच ती कविता लिहिली होती. अजून छातीत कळ येते, पण म्हणून गाळायला हव्या होत्या असं नाही. (हे तुला कमी आणि मलाच जास्त सांगतेय, कळतंय मला.)

‘मी चोविशीची, मला काय अधिकार?’ हा तुझा प्रश्न मला कंटाळवाणा वाटतो. मावशीला वाचून दाखव. तिने ओळ बदलायला सांगितली तर मुकाट्याने बदल. शोभत नाही म्हणणाऱ्याचं मात्र ऐकू नकोस. पुन्हा सांगते, शरीराला शरीर म्हण, ऋतू-बितू नको.

नवा खर्डा रविवारपर्यंत पाठव. फोनवर वहीचा फोटो नको, मला दिसत नाही. मोठ्या अक्षरात टाईप कर.