आधी मुलांना विचारा, मग नटांना सांगा

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या नाट्यमंडळाचे विद्यार्थी करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील प्राथमिक शाळांमध्ये सर्पदंशाविषयी एक छोटे नाटक सादर करतात. प्रयोगानंतर मी सूचना दिल्या की काहींचे चेहरे पडतात. भगताची भूमिका करणाऱ्या मुलाला मी परवा सर्वांसमोर ‘तू फार वाहवत जातोस’ असे म्हणाले, तेव्हापासून तो तालमीत गप्पगप्प असतो. नुसते ‘छान झाले’ म्हणावे, तर प्रयोग आहे तिथेच राहतो. विद्यार्थ्यांना नाउमेद न करता चुका कशा दाखवाव्यात?
— एक प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रात नटांविषयी पुष्कळ आहे, परंतु नाटक पाहणाऱ्या मुलांना काय कळले याविषयी एकही वाक्य नाही, आणि माझ्या मते अडचणीचे मूळ तिथेच आहे. स्पर्धेतील एकांकिकेनंतर अभिनय कसा झाला, हे विचारणे रास्त असते. शाळेतील अशा नाटकानंतर मात्र तिसरी-चौथीतले मूल घरी काय घेऊन गेले, हे आधी पाहावे लागते. ‘तू वाहवत जातोस’ हा त्या मुलाच्या स्वभावावरचा शेरा झाला आणि स्वभावावर शेरा आला की ऐकणारा एकतर हिरमुसतो किंवा वाद घालतो.

त्याऐवजी प्रयोग संपल्यावर नटांनी तिथेच मुलांमध्ये बसावे आणि विचारावे, ‘साप चावला तर तुम्ही काय कराल?’ इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात बेलग्रेड थिएटरने 1965 मध्ये शाळांसाठी नाटकाचा जो उपक्रम सुरू केला, त्यातून पुढे आलेल्या परंपरेत नटाकडे शिक्षक म्हणूनही पाहिले जाते आणि मुलांशी होणारा संवाद हा प्रयोगाचाच भाग मानला जातो. आपल्याकडे मात्र प्रयोग संपला की आभार मानून सामान आवरण्याची घाई होते.

आता आपल्या भगताकडे येऊ. त्याचा प्रसंग रंगत असणार, मुले खदखदून हसत असणार आणि हशा मिळाला की तो प्रसंग लांबवत असणार. अशा वेळी चौथीतला एखादा मुलगा हमखास उत्तर देतो, ‘दोरीनं आवळून बांधायचं.’ हे उत्तर त्या नटाने स्वतः ऐकले, तर आपले निम्मे काम झाले. मग त्याला एकट्याला गाठून सांगता येईल, ‘अरे, तुझा भगत मुलांच्या इतका डोक्यात बसला की दोरी बांधायची असते असेच त्यांना वाटले. हशा घालवायचा नाही, पण ही समजूत कशी घालवायची?’ तोच काहीतरी सुचवेल. दोरी घेऊन पुढे आलेला भगताचा हात आजीने धरून ठेवावा आणि चावलेला पाय न हलवता मुलाला उचलून दवाखान्यात न्यावे, असा उपाय निघू शकेल. मुले संवाद विसरतात, पण धरलेला हात त्यांच्या लक्षात राहतो.

चुकीच्या माहितीबाबत मात्र भीड बाळगू नये. नाटकातील मुलीला मण्यार चावते आणि ती किंकाळी फोडते, असे असेल तर अभिनय कितीही प्रभावी असला तरी तो प्रसंग बदलायलाच हवा. मण्यार बहुतेक वेळा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाच्या जागी वेदना आणि सूज फारच थोडी असते. दुखत नाही म्हणजे विष नाही, अशी समजूत करून घरीच थांबणे जिवावर बेतू शकते. त्या विद्यार्थिनीला सांगावे की किंकाळीऐवजी हळूहळू जड होणाऱ्या पापण्या आणि अडखळणारा शब्द दाखव. हे अधिक अवघड आहे, म्हणूनच तिला आवडेल. अशी दुरुस्ती त्याच दिवशी, पुढच्या शाळेत पोहोचण्याआधी व्हावी. बाकीच्या सूचना दुसऱ्या दिवशीच्या तालमीत द्याव्यात. परतीच्या गाडीत, सगळे दमलेले असताना तो विषय काढू नये आणि शाळेच्या शिक्षकांसमोर तर मुळीच नाही.

तालमीतही आधी विद्यार्थ्यांना बोलू द्यावे. प्रत्येकाला एक किंवा दोनच गोष्टी सांगाव्यात, आणि त्या करता येण्याजोग्या असाव्यात. ‘आवाज कमी पडला’ यापेक्षा ‘पत्र्यावर पाऊस वाजत होता तेव्हा मागच्या रांगेला दवाखाना हा शब्दच ऐकू गेला नाही’ हे सांगणे उपयोगाचे असते. केशवराव भोसले नाट्यगृहासारख्या रंगमंचासाठी बसवलेले हातवारे शाळेच्या व्हरांड्यात पहिल्या रांगेतल्या मुलांना दचकवतात, तेही याच पद्धतीने सांगता येईल. कौतुकही नेमके करावे. कोणत्या वाक्याला मुले पुढे सरकून बसली, हे ऐकलेला नट ते वाक्य पुन्हा जपून करतो.

आणखी एका गोष्टीकडे मी आवर्जून लक्ष वेधतो. आपल्या भागातील नाटकांत भगत, आजी आणि खट्याळ पोरगा ‘लई’, ‘काय बी’ असे बोलतात आणि आशाताई मात्र पुस्तकी मराठीत ‘तात्काळ रुग्णालयात न्यावे’ असे सांगतात. शहाणपण परक्या भाषेत आणि गंमत आपल्या भाषेत, ही वाटणी मुलांना फार लवकर कळते. आशाताईंची भूमिका करणाऱ्या विद्यार्थिनीला तेच वाक्य तिच्या घरच्या बोलीत म्हणायला लावावे. ‘थांबू नगासा, आधी दवाखान्यात न्या,’ हे ती सूचना देताना म्हणते तसे न म्हणता काळजीने म्हणेल. असे बदल करताना कित्येकदा दोष नटाचा नसून संहितेचा असल्याचे ध्यानात येते, आणि तसे असेल तर ते विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे.

राहिला गप्प झालेला मुलगा. त्याला सर्वांसमोर बोललात, म्हणून त्याच्या कामातील चांगले काय तेही सर्वांसमोर सांगा आणि पुढच्या प्रयोगात मुलांना प्रश्न विचारण्याचे काम त्याच्याकडेच द्या.