मुलांच्या पुस्तकात एवढा काळोख कशाला?

प्रश्न: ताई, आम्ही ऐरोलीला राहतो, मुलगी नववीत आहे. सध्या 'द हंगर गेम्स' वाचतेय, जेवतानाही पुस्तक सोडत नाही. मी जरा चाळलं तर मुलंच मुलांना मारतायत! वाचू द्यावं का?

उत्तर: वाचू द्या हो, आणि जमलं तर तुम्हीपण वाचा. सुझान कॉलिन्सचं २००८ चं पुस्तक आहे. त्यात दरवर्षी चिठ्ठ्या काढून मुलं निवडतात नि त्यांना एकमेकांना मारायच्या खेळात उतरवतात. मला मारामारीपेक्षा त्या चिठ्ठ्याच जास्त मनाला लागल्या, म्हणजे घरात खायला नसेल तर पोरांनी आपल्या नावाची जास्तीची चिठ्ठी टाकायची नि बदल्यात वर्षभराचं थोडं धान्य-तेल घ्यायचं, म्हणजे जो जास्त उपाशी त्याचाच नंबर लागायचा चान्स जास्त. गोष्टीतली नायिका कॅटनिस १६ वर्षांची आणि तिच्या चिठ्ठ्या २०! वाचताना घासच उतरेना मला. आणि तिच्या भागातले लोक कोळसा खणतात, पण त्यांच्याच घरी वीज संध्याकाळी दोन-तीन तास.

ठाणे-बेलापूर रोडवरून जाताना एका बाजूला कंपन्या नि दुसऱ्या बाजूला टॉवर दिसतात ना, तिथून जाताना लेकीला सहज विचारा, आपल्याकडे चिठ्ठ्या कोणाच्या जास्त असतील गं? मला तिचं उत्तर नक्की कळवा.