कोल्हापूरच्या डोंगरात भटकंती आणि जत्रा एकाच फेरीत करायची तर कधी यावं?

तुमचा प्रश्न असा आहे : पाच-सहा दिवसांची रजा आहे, सोबत पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी आहे, एक दमदार ट्रेक करायचाय, गावाकडची खरी जत्रा बघायचीय, आणि पावसाच्या धास्तीनं तुम्ही डिसेंबर धरून ठेवलाय. मी कोल्हापूरजवळच्या वडणग्याचा. गच्चीवर गेलं की जोतिबाचा डोंगर समोर दिसतो आणि पन्हाळ्याच्या वाटा लहानपणापासून पायाखालच्या आहेत. म्हणून हक्कानं सांगतो, डिसेंबर सोडा. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी कोल्हापुरात उतरा आणि गुरुपौर्णिमा करूनच परत जा.

डिसेंबरात वाटा कोरड्या असतात, लांबवरचं दिसतं, फोटोही छान येतात. पण आमच्याकडं डोंगर आणि माणसं एकत्र बघायची तर ती आषाढात दिसतात, नाहीतर चैत्रात. चैत्राचं पुढं सांगतो, आधी आषाढ.

एकादशीला पंढरपूर गाठायची गरज नाही. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर नंदवाळ आहे. आमच्या भागाचं ते प्रतिपंढरपूर. पंढरीला जाण्याआधी विठ्ठल इथं मुक्कामाला होता अशी श्रद्धा आहे. एकादशीला कोल्हापुरातून दिंडी निघते आणि वाटेत पुईखडीच्या माळावर रिंगण होतं. मुलीला घेऊन या दिंडीत चाला. ती दमली तर कुणीतरी तिला हाताला धरून पुढं नेईल आणि तुम्हाला काळजी वाटणार नाही, इतकी घरची माणसं असतात. रिंगणाच्या वेळी अश्व धावत येतो तेव्हा माळावरच्या चिखलात उभं राहून बघण्यात जी मजा आहे ती तिच्या कायम लक्षात राहील. पायाचा सरावही होतो. ट्रेकच्या आधी दहा किलोमीटर पावसातून चालून बघितलेलं बरं, बूट कुठं चावतो ते इथंच कळतं.

दुसरी गोष्ट, आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी टेंबलाई देवीला पाणी वाहतात. पंचगंगेला आलेलं नवं पाणी कलशात भरून, डोक्यावर घेऊन बायका आणि मुली वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात. सोबत ‘पी ढबाक’ वाजत असतं. वाद्याच्या आवाजावरूनच हे नाव पडलंय, आणि कोल्हापूरच्या माणसाला ते दुरून ऐकू आलं तरी आषाढ लागला हे कळतं. एकादशी ते पौर्णिमा या पाच दिवसांत मंगळवार किंवा शुक्रवार एक तरी येतोच, त्यामुळं हे चुकणार नाही. गल्लीगल्लीतून मिरवणुका निघतात. कुठल्याही एका मागून चालायला लागा, कुणी विचारत नाही. तुमच्या पत्नीनं कलश डोक्यावर घ्यायची इच्छा दाखवली तर आनंदानं देतील.

आता ट्रेक. तो एकच आहे : पन्हाळा ते पावनखिंड.

सिद्दी जौहरनं मार्च १६६० पासून पन्हाळ्याला वेढा घातला होता. आषाढ पौर्णिमेच्या रात्री, १२ जुलै १६६० ला, शिवाजी महाराज सुमारे सहाशे मावळे घेऊन गडावरून निघाले ते विशाळगडाकडं. शिवा काशीद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसले आणि पकडले गेले. बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या माणसांनी घोडखिंड अडवून धरली, तीच पुढं पावनखिंड झाली. हे शाळेत आपण सगळेच शिकलोय. पण चालल्याशिवाय एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे हे अंतर. गडावरून उतरल्यापासून खिंडीपर्यंत पन्नास किलोमीटरच्या आसपास वाट आहे आणि आपण ती दोन दिवसांत, मध्ये जेवून-झोपून करतो. त्यांनी ती एका रात्रीत आणि पुढच्या दिवसात केली, तीही पालखी खांद्यावर घेऊन, मागं पाठलाग लागलेला असताना. दुसऱ्या दिवशी दुपारी, मांड्या भरून आलेल्या असताना, चिखलातून पाय उपसून काढताना हा हिशोब अंगात उतरतो. मी पहिल्यांदा चाललो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. खिंडीआधीच्या पांढरेपाणी गावाच्या अलीकडं एका बांधावर बसून रडलो होतो, आणि ते दमल्यामुळं नव्हतं.

वाट अशी. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापासून बहुतेक जण सुरुवात करतात. गड उतरला की म्हाळुंगे आणि मग चढून मसाईचं पठार. पुढं कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी. इथं कुठंतरी मुक्काम पडतो. दुसऱ्या दिवशी माळेवाडी, पाटेवाडी करत पांढरेपाणी आणि मग खिंड. वाड्यांची नावं लिहून घ्या. वाटेत भेटेल त्याला “पुढची वाडी कुठली” एवढंच विचारत जायचं. नकाशा मोबाइलवर घ्या, पण पावसात रेंजही जाते आणि ओल्या बोटांनी पडदाही चालत नाही.

मसाईबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण लोक तिथंच चुकतात. हे पठार जांभ्याचं आहे. एकाला एक लागून सपाट टेबलं मांडावीत तसं पसरलंय. आषाढात त्यावर ढग येऊन बसतो. वीस पावलांवरचा माणूस दिसत नाही, खूण धरावी असं झाड नाही, आणि सगळीकडं सारखंच हिरवं गवत नि सारखंच साठलेलं पाणी. मसाई देवीचं देऊळ हीच काय ती खूण. एका वर्षी आम्ही चौघं देवळापासून पुढं निघालो आणि तासाभरानं परत देवळापाशीच आलो. गुरं घेऊन आलेला एक म्हातारबाबा घोंगडी पांघरून देवळाच्या आडोशाला उभा होता. तो म्हणाला, “पावणं, धुक्यात डोळ्यानं चालू नगासा. वारं कुठल्या गालाला लागतंय ते बघा.” पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि आपल्यालाही साधारण पश्चिमेलाच जायचं असतं, म्हणजे वारा तोंडावर ठेवायचा. तेव्हापासून मी पठारावर कधी चुकलो नाही. तरीही पहिल्या वेळी एकट्यानं जाऊ नका. त्या दिवसांत गडप्रेमींच्या मोहिमा निघतात, शेकड्यांनी पोरं चालत असतात, वाटाडे असतात, त्यांच्यासोबत जा.

मुलीला पूर्ण ट्रेकला नेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दहाव्या वर्षी काटकपणा असतो, पण मधल्या ओढ्यांचा भरवसा नसतो. एकदा आमच्यातल्या एकाचा पाय करपेवाडीच्या पुढं मुरगळला. मागं फिरावं तर सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा मांडीपर्यंत आला होता. त्याला दोघांच्या खांद्यावर टाकून पुढच्या वाडीपर्यंत आणायला साडेतीन तास लागले. मोठा माणूस हे सोसतो. मुलीला आणि पत्नीला पहिल्या दिवशी मसाईपर्यंत सोबत आणा. पठारावर गाडीही येते, तिथून त्या परत फिरतील. पन्हाळ्यावर त्यांना तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी बघायला एक दिवस पुरणार नाही. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे. अंबरखाना बघताना तिला सांगा की धान्याची ही कोठारं होती म्हणूनच गड एवढे महिने तग धरून राहिला. आणि तटाजवळ बसून झुणका-भाकरी, खर्डा आणि मडक्यातलं दही खाऊ घाला.

सामानाचं थोडक्यात : घट्ट पकडीचे बूट, कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, विजेरी, काठी, मीठ. मीठ जळवांसाठी, खिंडीकडच्या रानात त्या हमखास लागतात. ओढू नका, मीठ टाका, आपोआप सुटते. महागडा रेनकोट वाऱ्यात फाटतो. वाडीवरची माणसं पोत्याची खोळ घेतात, तिच्यात पाठही कोरडी राहते आणि हातही मोकळे राहतात.

मुक्कामाला वाडीवर कुणाच्या तरी सोप्यात जागा मिळते. चुलीपुढं कपडे वाळत टाकायचे, पिठलं-भाकरी खायची, घोंगडीवर आडवं व्हायचं. पैसे विचारले तर “द्या की काय द्यायचं ते” म्हणतात. ऐकून कमी देऊ नका. पावसाळ्यात सरपण आणि धान्य डोक्यावरून आणलेलं असतं. जाताना आपला कचरा आपल्या पिशवीतून परत न्या. मागच्या काही वर्षांत पठारावर पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे कागद दिसायला लागलेत, गुरं ते गवताबरोबर खातात. आणि खिंडीत स्पीकर लावणाऱ्या टोळक्याला हात जोडून बंद करायला सांगा. मी दरवर्षी सांगतो. बहुतेक ऐकतात. दगडांमधून ओढा उतरत असतो, त्याचाच आवाज इतका असतो की तिथं दुसरं काही ऐकूही नये.

परतीला खिंडीजवळच्या रस्त्यावरून मलकापूरमार्गे कोल्हापूरची एसटी मिळते. विशाळगडावर जायचं असेल तर आधी चौकशी करा, मनाई किंवा वेळेचं बंधन असेल तर ते पाळा.

पावसाची धास्ती तुम्ही घेतलीत ती अगदीच चूक नाही. तिथी जूनअखेरपासून जुलैअखेरपर्यंत सरकते, आणि जितकी उशिरा येईल तितका पुराचा प्रश्न मोठा. आम्ही दोन गोष्टी बघतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी : ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. आणि नदीकाठचा रेडेडोह फुटला का, म्हणजे तिथून पाणी बाहेर पडलं का? तो फुटला की पंचगंगेचं पाणी पन्हाळ्याच्या रस्त्यावर येतं आणि आमचं वडणगंही अडकतं. पातळी इशाऱ्याकडं सरकत असेल तर ट्रेक रद्द करा, त्यात कमीपणा काही नाही. २०२१ च्या पावसात पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता, महिनोन्‌महिने गाड्या बंद होत्या.

तो बेत मोडलाच तर जोतिबा आहे. कुशिऱ्याकडून गायमुखाच्या वाटेनं पायी चढा. आषाढात डोंगरावर गर्दी नसते, पायऱ्यांवर ढग उतरलेला असतो आणि देवळाच्या आवारात गुरवाचा आवाजसुद्धा नीट ऐकू येतो.

हाच डोंगर चैत्र पौर्णिमेला ओळखू येत नाही, आणि पावसात चालणं तुम्हाला खरंच झेपणार नसेल तर मग तेव्हा या. गावोगावच्या सासनकाठ्या येतात, तीस-चाळीस फुटांचे कळक, सजवलेले, दोरांनी चारी बाजूंनी तोललेले. एक गडी काठी खांद्यावर घेऊन हलगीच्या ठेक्यावर नाचतो आणि दोर धरणारे त्याच्या पावलाबरोबर पावलं टाकतात. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीच्या काठीचा. गुलाल एवढा उधळतात की दगडी पायऱ्या, देवळाची शिखरं, माणसांचे केस, सगळं गुलाबी. संध्याकाळी पालखी यमाई देवीच्या भेटीला निघते, तिच्यावर खोबरं-गुलाल पडतो, दवण्याचा वास सगळीकडं भरून राहिलेला असतो आणि लाखो माणसं एका दमात म्हणतात, “जोतिबाच्या नावानं चांगभलं!” आमच्या घरात चैत्रात दवणा आला की मुलांना सुट्टी लागायच्या आधीच सुट्टी लागल्यासारखं होतं. मात्र त्या दिवशी गाडी घेऊन वर जायचा विचारही करू नका. एका वर्षी पाहुण्यांच्या आग्रहाखातर आम्ही गाडीनं निघालो, चार तास घाटात उभे राहिलो आणि पालखी चुकली. वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख असं पहाटे चालत निघालं की ऊन चढायच्या आत माणूस डोंगरावर पोचतो. वाटेत पाणी, सरबत, जेवण द्यायला लोक आपणहून उभे असतात. उन्हाचा त्रास होतो, डोक्याला पंचा बांधा, आणि मुलीच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

दाजीपूर, रांगणा, गगनबावडा यांबद्दलही विचारलंत. ती ठिकाणं मला प्रिय आहेत, पण या फेरीत घालू नका. दाजीपूरचं अभयारण्य गव्यांसाठी ओळखलं जातं, ते पावसाळ्यात बंद असतं. रांगण्याला पाटगावमार्गे जायचं तर स्वतंत्र दोन दिवस हवेत, हिवाळ्यात. तुमचा डिसेंबर तिकडं वापरा. आणि राधानगरीच्या रानात पहिल्या पावसाच्या आधी झाडं काजव्यांनी लखलखतात, त्यासाठी मेअखेर वेगळी ठेवा.

तिथी बघून रजा टाका आणि निघायच्या आठ दिवस आधी इथंच खाली लिहा. त्या वेळची बंधाऱ्याची पातळी आणि मसाईवर किती चिखल आहे ते बघून कळवतो.