संगणक-शंका : सुरू होताना लोगो हवा की ओळी?

प्रश्न : जुन्या संगणकाला सीताबर्डीतून एसएसडी बसवून घेतली. उबुंटूचं मुख्य पार्टिशन तिच्यावर क्लोन केलं आणि हार्ड डिस्क काढून टाकली. आता लोगो दीड मिनिट फिरत राहतो, मग सगळं नीट सुरू होतं. एसएसडी खराब निघाली का?
– एक वाचक, महाल

उत्तर : एसएसडीला दोष देण्याआधी त्या दीड मिनिटाकडे बघा. न सापडणाऱ्या डिस्कची सिस्टिमडी (उबुंटूच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) मुळात ९० सेकंद वाट पाहतं, आणि तुमचा उशीर नेमका तेवढाच आहे.

लोगो फिरत असताना एस्केप दाबा. लोगो बाजूला होऊन ओळी दिसतील. त्यात ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर’ या शब्दांपुढे ‘यूयूआयडी’ म्हणून पार्टिशनची ओळख सांगणारा लांबलचक क्रमांक आणि सरकणारे सेकंद असतील, तर काढलेल्या डिस्कवरचं स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची जागा) पार्टिशन अजून शोधलं जातंय. क्लोन करताना ते मागेच राहिलं. (उबुंटू १७.०४ पासून नव्या मांडणीत स्वॅपसाठी साधी फाइल वापरते, त्यामुळे ही अडचण जुन्या मांडणीतच जास्त येते.)

टर्मिनलमध्ये ‘सुडो ब्लकआयडी’ (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) चालवून आत्ता हजर असलेल्या पार्टिशनांचे क्रमांक लिहून घ्या. मग ‘ईटीसी’ फोल्डरातली ‘एफएसटॅब’ फाइल (सुरू होताना जोडायच्या डिस्कांची यादी) सुडोने उघडा. स्वॅपच्या ओळीतला क्रमांक यादीत नसेल, तर त्या ओळीच्या सुरुवातीला # लावा. ओळ पुसू नका, चूक झाली तर परत आणता येते. एवढ्यावर थांबलात तर थोडा उशीर उरू शकतो, कारण तोच क्रमांक ‘ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम’ या फाइलमध्येही असू शकतो. तिथे ‘रिझ्यूम=नन’ लिहा आणि ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवा.

हरवलेलं पार्टिशन स्वॅपऐवजी डेटाचं असतं, तर ९० सेकंदांनंतर संगणक थेट इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत) गेला असता. कधी लावायच्या, कधी काढायच्या डिस्कच्या ओळीत म्हणूनच ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय आवर्जून घाला.

प्रश्न : आमच्या शाळेच्या लॅबमधल्या उबुंटू संगणकांवर लोगो येण्याआधी काळ्या पडद्यावर ‘एसीपीआय एरर’ अशा ओळी चमकतात. मुलं घाबरून बटण दाबतात. त्या कायमच्या लपवल्या तर खरा बिघाड कळेल का?
– एक शिक्षिका, हिंगणा रोड

उत्तर : ‘क्वाएट’ (ओळी कमी दाखवणारा) पर्याय लावूनही कर्नल (उबुंटूचा गाभा) चुकांच्या ओळी दाखवतोच. फक्त इशारे आणि साधी माहिती गाळतो. एसीपीआयच्या (वीज आणि हार्डवेअर हाताळण्याची पद्धत) या ओळी बहुधा मदरबोर्डच्या बायोसमधल्या (त्यावरच्या सुरुवातीच्या प्रोग्राममधल्या) त्रुटींमुळे येतात आणि काम अडत नसेल तर त्यांनी बिघडत नाही. ‘ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ फाइलमध्ये ‘क्वाएट स्प्लॅश’ लिहिलेल्या ओळीत, अवतरणचिन्हांच्या आतच, ‘लॉगलेव्हल=३’ जोडा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. अतिगंभीर संदेश तरीही दिसतील.

नोंद पुसली जात नाही. ‘जर्नलसीटीएल -बी’ने या वेळच्या, तर ‘-बी -१’ने मागच्या वेळच्या सगळ्या ओळी वाचता येतात. पण मुख्य डिस्क जोडली जाण्याआधीच संगणक अडकला, तर डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. तेव्हा पडदा हाच एकमेव पुरावा असतो. ग्रबच्या (उबुंटू सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून ‘क्वाएट स्प्लॅश’ खोडा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो. मेनू दिसत नसेल तर जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआयवर (बायोसच्या नव्या प्रकारावर) एस्केप दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे लोगोच गोठला आणि एस्केप चालेना, तेव्हाही हाच मार्ग.

उन्हाळ्यात वीज अचानक गेली की पुढच्या वेळी डिस्कची तपासणी होऊ शकते आणि पडद्यावर टक्के दिसतात. त्या वेळी बटण दाबणं हेच खरं नुकसानीचं. मुलांसमोर लोगो ठेवायला हरकत नाही, पण एस्केपची कळ प्रत्येक शिक्षकाला माहीत हवी. ज्या यंत्राची देखभाल तुम्ही स्वतः करता, त्यावर मात्र ओळी उघड्याच ठेवा, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : ओळी लपवल्या तर संगणक लवकर सुरू होतो का?
– एक विद्यार्थी, नंदनवन

उत्तर : घरच्या पडद्यावर फरक जाणवत नाही. सिरियल केबलने जोडलेल्या यंत्रावर मात्र जाणवतो. ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट) वेगाने सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं जातात, म्हणजे ५०,००० अक्षरांच्या संदेशांना ५० सेकंदांहून जास्त लागतात. उशीर नेमका कुठे होतो ते ‘सिस्टिमडी-अनालाइझ क्रिटिकल-चेन’ दाखवतं. ‘सिस्टिमडी-अनालाइझ ब्लेम’ची (कोणत्या सेवेला किती वेळ लागला याची) यादी जपून वाचा, कारण त्यात एकाच वेळी चाललेल्या सेवांचे वेळ वेगवेगळे दिसतात, त्यांची बेरीज करायची नसते.

प्रश्न : विंडोजमध्ये अशा ओळी दिसतात का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : दिसतात. ‘एमएसकॉन्फिग’ उघडा, ‘बूट’मध्ये ‘ओएस बूट इन्फर्मेशन’वर खूण करा आणि संगणक रीस्टार्ट करा. लोड होणाऱ्या ड्रायव्हरांची नावं येतील. अडकल्यावर शेवटी दिसलेल्या नावालाच दोषी धरू नका. ते लोड झालेलं असतं, अडकलेला ड्रायव्हर त्यानंतरचा असू शकतो.