रॉकफर्डसमोर उभा केलेला ‘आदर्श’ गुप्तहेर

प्रश्न : ‘द रॉकफर्ड फाइल्स’ या जुन्या अमेरिकन मालिकेत टॉम सेलेक गुप्तहेर म्हणून दिसतो. पुढे त्याला मिळालेल्या ‘मॅग्नम’च्या भूमिकेची ही रंगीत तालीम होती का?

उत्तर : आपण म्हणता तो भाग ‘व्हाइट ऑन व्हाइट अँड निअरली परफेक्ट’ हा असावा. तो 1978 साली एनबीसी वाहिनीवर दाखवला गेला आणि त्याचे लेखन मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक, स्टीफन कॅनेल यांचे होते. सेलेकने त्यात लान्स व्हाइट रंगवला आहे. मालिकेचा नायक, जेम्स गार्नरने रंगवलेला खासगी गुप्तहेर रॉकफर्ड, मालिबूच्या किनाऱ्यावर ट्रेलरमध्ये राहतो, दिवसाला 200 डॉलर आणि वरखर्च मागतो व पुष्कळदा तेही बुडतात. याउलट लान्सवर सगळे जण डोळे झाकून विश्वास ठेवतात, पुरावे आपण होऊन त्याच्या हाती लागतात आणि नशीब तर जणू त्याच्या दारातच बसलेले असते. रॉकफर्डची त्यावरची चिडचिड हीच या भागाची खरी गंमत, रहस्य त्या मानाने दुय्यम. निष्कलंक पडदा-नायकांची ही थट्टा सेलेकने चेहऱ्यावरची रेषही न हलवता निभावली आहे, म्हणूनच ती साधते.

मात्र ‘मॅग्नम’ला लान्सचा वारस मानणे मला पटत नाही. 1980 मध्ये सीबीएसवर आलेला तो चुकणारा, उसनवारीवर मजेत जगणारा गुप्तहेर रॉकफर्डच्याच अधिक जवळचा आहे. लान्स आवडला असेल, तर 1979 चा ‘नाइस गाइज फिनिश डेड’ हा भागही पाहावा. त्यात तो पुन्हा भेटतो.