इम्पेलरची तुटलेली पाती गेली कुठे?

प्रश्न : आमची मासेमारीची लहान होडी असून तिला पेट्रोलवर चालणारे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. पावसाळ्यात होडी शाकारून ठेवली होती. ती पुन्हा पाण्यात लोटल्यावर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पिचकारी बारीक येत होती, तिकडे दुर्लक्ष झाले आणि इंजिन जॅम झाले. मिस्त्रींनी बोअर मारून (सिलिंडर आतून किंचित रुंद करून) ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा आणि नवा इम्पेलर (पाण्याच्या पंपातील रबरी पात्यांचे चाक) बसवला. जुन्या इम्पेलरची दोन पाती तुटलेली होती. आता मिस्त्री म्हणतात, पाण्याच्या पिंपात आठ तास आयडलवर, म्हणजे बिनभाराच्या मंद वेगावर, चालवा, तर थोरले बंधू म्हणतात, पहिल्याच दिवशी पूर्ण ताणा. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, मालवण तालुका)

उत्तर : दोघांचेही ऐकू नये, पण त्याआधी आपल्याच पत्रातील एका ओळीकडे लक्ष वेधतो. तुटलेली दोन पाती मिळाली का, हे आपण लिहिलेले नाही. पंपातून सुटलेला रबराचा तुकडा पाण्याबरोबर वर चढतो आणि नळीत किंवा थर्मोस्टॅटच्या (इंजिनाचे तापमान राखणाऱ्या झडपेच्या) तोंडाशी अडकून बसतो. तो तेथेच असेल, तर नवा पिस्टनही जुन्याच्या वाटेने जाईल. म्हणून थर्मोस्टॅट काढावा, खालचा गिअरचा भाग उतरवून पाण्याचा मार्ग वरून उलट्या दिशेने होजने धुवावा आणि हाती आलेले तुकडे जुन्या इम्पेलरला जोडून पाहावेत. पिचकारी जोरात येते एवढ्यावर समाधान मानू नये, कारण अनेक इंजिनांत ती थर्मोस्टॅटच्या आधीच वेगळी निघते.

आता रनिंग-इनविषयी, म्हणजे नवे भाग हळूहळू रुळवण्याविषयी. होनिंगने (बोअरनंतरच्या बारीक घासणीने) सिलिंडरच्या भिंतीवर उमटलेल्या बारीक तिरक्या रेषांवर रिंगा घासून बसाव्या लागतात आणि त्यांना भिंतीशी दाबून धरतो तो ज्वलनाच्या वायूचा दाब. आयडलवर हा दाब फार कमी असल्यामुळे रेषा नुसत्या गुळगुळीत होतात आणि रिंगा कधीच नीट बसत नाहीत. उलट पहिल्याच दिवशी पूर्ण ताणल्यास नव्या धातूचे उंचवटे तापून पुन्हा जॅम होण्याचा धोका असतो. पिंपाचा उपयोग गळती पाहण्यापुरता.

सर्वसाधारण रीत दहा तासांची आहे, मात्र आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळे आकडे असल्यास तेच प्रमाण मानावेत. होडी खाडीत उतरवून पहिली दहा मिनिटे अगदी हळू, तासाचा उरलेला वेळ अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, दुसरा तास पाऊण थ्रॉटलपर्यंत आणि पुढील आठ तास पाच मिनिटांहून अधिक वेळ सलग पूर्ण थ्रॉटल न देता, वेग सतत कमीजास्त करत चालवावे. पेट्रोल आणि ऑइलचे नेहमीचे मिश्रण ५०:१ असेल, तर या काळात २५:१ ठेवावे, म्हणजे लिटरमागे २० ऐवजी ४० मिली ऑइल. धूर जास्त येईल, त्याची चिंता नको. ऑइल मात्र आउटबोर्डसाठीचे टीसी-डब्ल्यू३ प्रतीचे घ्यावे. स्कूटरचे स्वस्त पडते, म्हणून ते ओतण्याची सवय किनाऱ्यावर दिसते, ती चांगली नव्हे.

पहिल्या तासानंतर प्लग काढून पाहावेत. त्यांवर चंदेरी ठिपके दिसले, तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे असे समजून तेथेच थांबावे. दहा तास भरेपर्यंत खाडीच्या मुखाबाहेर जाऊ नये आणि होडीत वल्ही असू द्यावीत.